नानांनी धरलेली सीट

मला राग लवकर येतो आणि तो लवकर जात नाही, असं माय म्हणायची. खरंच आहे ते. पण हिलालनानांवर मला कधी धड रागावता आलं नाही, आणि सगळा घोळ तिथेच आहे. रागीट माणसाशी भांडता येतं. चांगल्या माणसाशी काय करायचं?

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. दोंडाईचाच्या मार्केटात मिरचीचे अडते. त्यांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी अर्धी त्यांचीच. दहावी झाल्यावर भाऊ, म्हणजे माझे वडील, म्हणाले, बास झालं आता शिक्षण. दुसऱ्या दिवशी नाना गावी आले, माझी ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि मला धुळ्याला देवपुरात मावशीकडे नेऊन सोडलं. भाऊ नुसते पाहत राहिले. त्यानंतर माझ्या शिक्षणाबद्दल घरात कुणी काही विचारायचं ते नानांना, असं आपोआप ठरून गेलं.

मला आधी चित्रं काढायची होती. शाळेत ड्रॉइंगच्या दोन्ही परीक्षांना ए ग्रेड. गावात लग्न निघालं की दारावरचा गणपती माझ्याकडे, त्याच्या शेजारचे भालदारही माझ्याकडे. नाना म्हणाले, "बेटा, चित्रं काढ, पन पोट भराले कायतरी दुसरं पाहा." मग आमचे ड्रॉइंगचे सर म्हणाले, आर्किटेक्ट हो, तू काढलेली घरं खरोखर उभी राहतील. ते मला पटलं. वर्षभर मी दिसेल त्या घराचा नकाशा काढत सुटले होते. मावशीच्या मोरीचासुद्धा काढला.

अकरावीच्या सुट्टीत मावशीचा टेबलफॅन बंद पडला. दुरुस्तीला न्यायच्या आधी मी म्हटलं, उघडून बघू, आतलं चित्र काढू. उघडला. आत मोटर एकच होती. तीच पाती गरगर फिरवायची आणि तीच पंख्याची मान डावीकडून उजवीकडे वळवायची. मध्ये एक दातेरी चाक आणि बोटभर लांबीची दांडी, बस्. मी ती दांडी हाताने फिरवत बसले. मावशी जेवायला हाका मारून थकली. ते चित्रात कसं दाखवायचं तेच मला कळेना, कारण ते हललं तरच खरं होतं. आर्किटेक्चर त्या दिवशीच बोंबललं.

अशा वस्तू कोण बनवतं ते मी विचारत सुटले. मेकॅनिकल इंजिनिअर, असं उत्तर मिळालं. मग ठरलं, मेकॅनिकल. पोरी त्या ब्रँचला जात नाहीत, लोखंड ठोकावं लागतं, वर्कशॉपमध्ये कपडे काळे होतात, असं ज्याने त्याने मला ऐकवलं. मी प्रत्येकाला उलट उत्तर दिलं आणि मावशीने प्रत्येक वेळी कपाळाला हात लावला. बारावीला मी मान मोडून अभ्यास केला. मार्कही चांगले पडले. मेकॅनिकल मिळेल एवढे तर नक्कीच.

तेव्हा, म्हणजे ब्याण्णव साली, प्रवेशाची पद्धत अशी होती की मार्कांप्रमाणे नंबर लागायचा आणि नंबरावर बोलावणं यायचं. हॉलमध्ये मोठा फळा. कुठल्या कॉलेजात कुठल्या ब्रँचच्या किती सीटा उरल्या, ते त्यावर लिहिलेलं. नाव पुकारलं की टेबलापाशी जायचं, काय पाहिजे ते सांगायचं, पालकाने सही करायची, की झालं. विचार करायला वेळ नाही, कारण मागे रांग. मुलाला येता आलं नाही तर एकटा पालक आला तरी चालत असे.

माझं बोलावणं शनिवारी आलं. सोमवारी जळगावला हजर राहा. आणि रविवारी कानबाई.

श्रावणातली कानबाई, आम्हा खानदेशींची देवी, आमच्या भाऊबंदांची एकत्रच बसते, दरवर्षी एकेका घरी. त्या वर्षी आमच्या घराची पाळी होती. बठ्ठे, झाडून सगळे भाऊबंद जमलेले. सुरत, उधना, जिथे जिथे कामाला गेले होते तिथून आलेले. रोटाचे, म्हणजे देवीच्या नैवेद्याचे, गहू दळून झाले होते. आमच्यात रीत अशी की रविवारी जिने कानबाई मांडली तिनेच सोमवारी ती उठवायची, दुसऱ्या हाताने हलवायची नाही. आणि मांडायची मीच, हे महिनाभर आधी ठरलेलं, कारण घरात हात चालतो तो माझा. मी फुलोऱ्याच्या वर दोन लाकडी पोपट बसवले होते. खाली मावशीच्या त्याच पंख्याची मोटर. एक पोपट खाली वाकला की दुसरा वर उठायचा. ते पाहायला आजूबाजूच्या गावांतून बाया येणार होत्या.

पत्र आल्यावर मी म्हटलं, मांडणी दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, मी जळगावला जाते.

माय म्हणाली, "मंग ते पोपट कोन चालाडी?"

हे बरोबर होतं. मोटर मधूनच अडकायची आणि ती कुठे दाबायची ते फक्त मला माहीत. शिवाय खरं सांगायचं तर मलाही ते पोपट सोडून जाववत नव्हतं. तेवढ्यात नाना म्हणाले, "मी जास ना. एक शब्द तं सांगना शे तठे."

एक शब्द. मी त्यांना तो पाठ करून घेतला. "मेकानिकल," ते म्हणाले. धुळ्याला मिळाली तर धुळ्याला, नाहीतर जळगावला. पुन्हा म्हणा. "मेकानिकल. धुळं नहीं तं जळगाव. आते झोपू दे माय माले." पालक म्हणून नाना सही करतील, असं पत्र मी लिहून दिलं. सोमवारी पहाटे ते पांढरं धोतर नेसून, टोपी झटकून, पहिल्या एसटीने गेले. मी कानबाई उठेपर्यंत तिच्यापुढे बसून मनात एकच मागत होते. मुलीची जात असून देवीकडे लोखंड मागत होते, असं मावशी नंतर म्हणाली.

कानबाई नदीवर पोचवून आम्ही परतलो होतो. संध्याकाळी ओसरीवर भाऊबंद रोट खायला बसले होते आणि नाना फाटकातून आत आले. हातात पेढ्यांचा पुडा. इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"लागनी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आपली कोकिळानी सीट लागनी. इलेक्ट्रानिक."

मी म्हटलं, "नाना, मेकॅनिकल नव्हती?"

"व्हती ना. फळा भरेल व्हता मेकानिकलना. कोन्ही हात लावत नव्हतं. जो उना तो इलेक्ट्रानिकच मांगस. मन्हा नंबर उना तवय एकच उरेल व्हती. मन्हा पाठीमागं एक बाप उभा, नुसता घाम पुसत व्हता. मी म्हनं, आते सोडानी नहीं. धरी लिधी."

ओसरीवर वाहवा झाली. कुणीतरी म्हणालं, नानांच्या नजरेतून माल सुटत नाही. आणि ते खरंच होतं. नानांनी उभा जन्म लिलावात काढला. मिरचीचा ढीग लागला की नवे व्यापारी वाकून मिरची तोडून बघायचे, वास घ्यायचे. नाना मिरचीकडे बघायचेसुद्धा नाहीत. ते बघायचे घेणाऱ्यांचे पाय. कुठल्या ढिगाकडे पाय सरकताहेत, कुठल्या ढिगापाशी येऊन चार माणसं उगाच गप्प झाली आहेत, त्यावरून ते माल ओळखायचे आणि कधी फसले नव्हते. जळगावच्या त्या हॉलमध्येही त्यांनी तेच केलं. ते माझा शब्द विसरले नव्हते. त्या शब्दाचा ढीग कुणी घेत नव्हतं, म्हणून तो त्यांनी माझ्यासाठी घेतला नाही.

नानांनी पहिला पेढा माझ्या तोंडात घातला. मी चावला. भाऊबंदांपुढे मी काय बोलणार होते? आतल्या घरात जाऊन मी मायजवळ रडले. माय म्हणाली, "त्यासनी तुन्हा भल्याकरताच करं ना?" मी म्हटलं, म्हणूनच तर रडतेय. भाऊंना सांगितलं. ते टोपी हातात फिरवत म्हणाले, "मी नानासनापुढे कसं तोंड उघाडू?"

मग मावशीच्या शेजाऱ्यांकडून कळलं की पंधरवड्याने दुसरा राउंड असतो. ज्याला ब्रँच बदलायची, किंवा ज्याने पहिल्या वेळी काहीच घेतलं नाही, त्याने यायचं. फळ्यावर जे उरलं असेल ते घेता येतं, पण आधीची सीट सोडावी लागते. फक्त पहिल्या वेळेला पालक म्हणून ज्याने सही केली, त्याचीच सही सोडायला लागते. मी अजून अठराची नव्हते. म्हणजे भाऊंनी धीर केला असता तरी उपयोग नव्हता. नानाच पाहिजेत.

मी एकटी दोंडाईचाला त्यांच्या दुकानावर गेले. मिरचीचा सीझन नव्हता, तरी त्या दुकानात पाय ठेवला की शिंका यायच्याच. नानांनी मला गादीवर बसवलं, चहा सांगितला. मी घरून भांडण तयार करून नेलं होतं. तुम्ही मला विचारलं का नाही, माझं आयुष्य म्हणजे मिरची आहे का, वगैरे. त्यांचा चेहरा पाहिला आणि त्यातलं एकही वाक्य निघेना. मी एवढंच म्हटलं, "नाना, मला ते नको आहे."

ते दचकले नाहीत. थोडा वेळ शिंकले, रुमालाने नाक पुसलं, आणि म्हणाले, "का नको? समजाड माले."

मी गोणीवर खडूने चाक काढलं, चाकावर दांडी काढली, दांडीच्या टोकाला दुसरी. चाक फिरलं की हे टोक कुठे जातं, ते टोक कुठे जातं, ते बोटाने दाखवलं. नाना गुडघ्यावर बसून बघत होते. मधेच त्यांनी माझं बोट बाजूला केलं आणि स्वतःचं ठेवलं. चाक फिरवलं. दांडी वर नेली, खाली आणली.

"म्हनजे फिरस ते एकच," ते म्हणाले, "पन जशी जोडनी कर, तसं काम करस."

"हो."

"आनि त्या इलेक्ट्रानिकमा?"

"त्यात दिसत काहीच नाही, नाना. असेल ते चांगलंच असेल. पण मला बघता येत नाही, हात लावता येत नाही."

"तुन्हा जीव यामा शे."

"हो."

"मंग सोडू ती," नाना म्हणाले. एवढंच. उगाच आढेवेढे नाहीत, मानापमान नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले, आणि हमाल बघत होते त्याची मला लाजसुद्धा वाटली नाही. मला वाटलं, झालं.

दुसऱ्या राउंडला आम्ही दोघं जळगावला गेलो. वाटेत पारोळ्याला त्यांनी मला भजी घेऊन दिली. हॉल पहिल्यासारखा गच्च भरलेला नव्हता, पण होते ते सगळे तोंड सुकवून बसले होते. फळ्यावर इलेक्ट्रॉनिक्सच्या सगळ्या ओळींसमोर शून्य. ती संपल्यावर मागच्यांनी मेकॅनिकलही बहुतेक संपवलेली. आमच्या पुढची नावं पुकारली जात होती आणि तो आकडा उतरत होता. धुळ्याची एकच उरली, आणि मग माझं नाव आलं. मी नानांचा हात धरून टेबलापाशी गेले.

टेबलामागे एक बाई होत्या. चष्मा, समोर गठ्ठा. "बोल," त्या म्हणाल्या.

"मेकॅनिकल. धुळे."

"नक्की ना? म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स सोडतेयस."

"हो."

बाईंनी फळ्यापाशी खडू घेऊन उभ्या माणसाकडे वळून मोठ्याने सांगितलं, इलेक्ट्रॉनिक्स एक सुटतेय. आणि त्यांनी कागद नानांपुढे सरकवला. "इथे सही करा."

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. आख्खा हॉल उठला होता. ज्यांचे नंबर अजून लांब होते तेही पुढे आले. आमच्या अगदी मागे एक माणूस होता, रावेरकडचा, केळीवाला. त्याचं नाव तोताराम हे मला नंतर कळलं. त्याचा मुलगा माझ्यानंतरच्याच नंबरावर होता. त्या माणसाने नानांसमोर हात जोडले. "सोडून राहिले ना भाऊ? आमच्या पोऱ्याले लागते ती. मागल्या खेपेले त्यानं दुसरं काही घेतलं नाही, लय आशा लावून बसला."

नानांनी पेन हातात घेतलं. मग त्यांची नजर खाली गेली. ते लोकांचे पाय बघत होते. बुटातले, चपलेतले, सगळे आमच्या टेबलाकडे वळलेले. मी ते पाहिलं.

"नाना," मी म्हटलं.

"हा."

"सही."

"करस ना."

पेनचं टोक कागदावर टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला. बाई म्हणाल्या, "काका, करा लवकर." नाना म्हणाले, "हा, करस ना," आणि हात हलला नाही. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी त्यांचं मनगट धरलं. ते माझ्याकडे वळले, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"बेटा," ते हळूच म्हणाले, "इतला लोके मांगी राह्यनात. इतला लोके जे मांगतस ते मी तुन्हा हातमाईन कसं काढी टाकू? मन्हा हातच चालत नहीं."

"मी करते," मी बाईंना म्हटलं. "मी सही करते."

"तुझी नाही चालत गं," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्या थोडं थांबल्या, पाणी प्यायल्या. नानांना म्हणाल्या, शांतपणे ठरवा. नानांनी पुन्हा पेन टेकवलं. दात आवळले. मला दिसत होतं, ते मनापासून प्रयत्न करत होते. तिथेच तर माझा इलाज खुंटला होता. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी हातपाय आपटले असते, सगळ्या हॉलसमोर तमाशा केला असता, मला त्याची लाज नव्हती. पण ते हो म्हणत होते आणि त्यांचा हात ऐकत नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, आटपा, आम्हाला परतीची गाडी गाठायची आहे.

बाईंनी कागद हळूच मागे ओढून घेतला. "मग आधीचीच ठेवते," त्या म्हणाल्या. "पुढचा."

पुढचा म्हणजे तोतारामभाऊंचा मुलगा. उंच, सडपातळ, मिसरूड फुटलेला. फळ्यावर आता इलेक्ट्रॉनिक्ससमोर पुन्हा शून्य होतं आणि धुळ्याच्या मेकॅनिकलसमोर एक. दुसरं घेण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याने बापाकडे पाहिलं. बापाने खाली पाहिलं. "द्या तीच," मुलगा म्हणाला, आणि सही करताना तोतारामभाऊंनी नाक ओढलं. फळ्यावरच्या माणसाने एक पुसून शून्य केलं.

आम्ही बाहेर आलो. मला रागही नव्हता, काहीच नव्हतं. गेटासमोर चहाची टपरी होती, तिच्या बाकड्यावर ते बापलेक बसले होते. मुलगा गुडघ्यात डोकं घालून बसला होता. नानांना दुसऱ्याचं पोरगं रडलेलं कधी बघवलं नाही. ते सरळ तिकडे गेले, सगळ्यांसाठी चहा सांगितला, आणि त्या मुलाच्या शेजारी बसले. मी तिथेच उभी राहिले.

"रडू नको बेटा," नाना म्हणाले. "मेकानिकल काय वाईट नहीं. तू एक चाक फिरावशी, त्याले जशी जोडनी करशी तशी ती वस्तू नाचस. डोयासनी दिसस, हात लावता येस. आख्खा जन्म गया तरी जीव रमी असं काम शे." ते बोलत होते आणि बोट बाकड्यावर गोल फिरवत होते. "ही मन्ही पोर शे ना, हिन्हा तं जीवच त्यामा व्हता. हिन्ही माले बठ्ठं समजाडं. माले बी पटनं."

मुलाने डोकं वर केलं. तोतारामभाऊंनी चहाची बशी बाकड्यावर ठेवली. ते कधी नानांकडे, कधी माझ्याकडे बघत राहिले.

"हिले मेकॅनिकल पाहिजे होती?" त्यांनी विचारलं.

"हा."

"अन् आमच्या पोऱ्याले इलेक्ट्रॉनिक."

"हा."

"मंग सोडली काहून नाही हो भाऊ?"

त्यांनी आवाज चढवला नव्हता. भांडायलाही आले नव्हते. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं.

"सांग ना बेटा," ते मला म्हणाले. "तू सांग यासले."